उजव्या हातावरची चौदा हजार पावलं

त्या दिवशी सेरवा कुमासी शहरातल्या बांतामाहून केजेतियाच्या बाजारात पायी गेली, अस्तराचं कापड आणि दोऱ्याची रिळं घेतली, गाठोडं डोक्यावर ठेवलं आणि तशीच पायी परत आली. अंगावरचा घट्ट शिवलेला काबा घामाने पाठीला चिकटला होता आणि पोटऱ्या ठणकत होत्या. दारातल्या बाकावर बसकण मारून तिने डावा हात अडोमापुढे धरला.

"वाच गं, किती झाली?"

अडोमा सेरवाच्या दुकानाच्या दाराशी वाक्ये, म्हणजे चवळी घालून शिजवलेला भात, विकायची. वीस वर्षांची शेजारीण ती. हातातला भाताचा डाव बाजूला ठेवून तिने सेरवाच्या मनगटावरच्या घड्याळात डोकावून पाहिलं, अंगावरच्या कापडाच्या टोकाने काच पुसली आणि पुन्हा पाहिलं.

"तीनशे बारा."

"तीनशे बारा काय?"

"पावलं. अजून काय?"

"अगं, तीनशे बारा पावलं तर मला तुझ्या पातेल्यापासून संडासापर्यंत जाऊन यायला लागतात! मी केजेतियाला जाऊन आले, दोन्ही वेळा पायी!"

"मला काय सांगतेस? मी पाहिलं तुला जाताना. त्याला सांग," अडोमा म्हणाली आणि गिऱ्हाइकाकडे वळली.

घड्याळ पोकुआने आणलं होतं. पोकुआ म्हणजे सेरवाची एकुलती एक लेक. राजधानी अक्रात विम्याच्या कचेरीत नोकरी, आणि त्या कचेरीत सगळ्यांच्या मनगटावर असलीच घड्याळं. कोण किती चाललं याची दर शुक्रवारी यादी लागायची म्हणे, आणि पहिल्या आलेल्याला टाळ्या. चालायचं, घाम गाळायचा आणि वर त्याची यादी लावायची, हे सेरवाला समजायचं नाही. पण तिला चालायलाच हवं होतं, त्यात वाद नव्हता.

कारण तिचा उजवा डोळा मोतीबिंदूने गेल्यात जमा होता आणि डाव्यावर जाळं धरत होतं. शिवणकाम करणाऱ्या बाईचे डोळे म्हणजे तिचे हातच. रोज सकाळी अडोमा तिला दहा सुया ओवून द्यायची, आणि त्या उशीत टोचून ठेवल्या की दिवस निघायचा. पण ईस्टरच्या आधी तिने एका नवरीच्या गडद निळ्या कापडावर काळा दोरा चालवला आणि नवरीच्या आईने चार बायकांसमोर तो कपडा उजेडात धरून दाखवला. सेरवाला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. ती डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया करू, पण साखर सातच्या आत हवी तिथे चौदाच्या वर आहे. दहाच्या आत आणा, नाहीतर मी डोळ्याला हात लावणार नाही. सहा आठवड्यांनंतरची तारीख त्यांनी दिली. हे डॉक्टर गावोगावच्या दवाखान्यांत पाळीपाळीने जात. ती तारीख हुकली की कुमासीची पाळी यायला पुढे चार महिने. आणि चार महिन्यांत डावा डोळाही गेला की दुकानाला कुलूप लावायचं, हे सेरवाला कोणी सांगायची गरज नव्हती.

म्हणून घड्याळ. रोज आठ हजार पावलं झाली की ते मनगटावर थरथरणार आणि शाबासकी देणार. घड्याळ फोनला सांगणार, फोन अक्राला सांगणार, आणि पोकुआ तिथे बसून बघणार. उंटावरून शेळ्या हाकायचं नवं यंत्र, दुसरं काय!

संध्याकाळी फोन आलाच.

"आई, आज बरं नव्हतं का तुला?"

"ठणठणीत आहे. का?"

"तीनशे बारा पावलं दाखवतंय."

"दाखवू दे त्याला काय दाखवायचं ते. मी केजेतियाला जाऊन आले."

"गाडीने?"

"पायांनी! गाडीने गेले असते तर गाठोडं माझ्या डोक्यावर कशाला? ड्रायव्हरच्या डोक्यावर नसतं ठेवलं?"

"आई, चिडू नकोस. माझ्या ऑफिसात चाळीस जण हेच घड्याळ वापरतात. कोणाचं चुकत नाही."

"म्हणजे चाळीस जण खरे आणि तुझी आई खोटी."

"खोटी कोण म्हणालं? पण आपल्याला वाटतं आपण खूप चाललो, आणि तसं नसतं. हे शास्त्र आहे आई. सुरुवातीला सगळ्यांचं असंच होतं. तू मन लाव, म्हणजे जमेल."

मन लाव! सेरवाने फोन ठेवला आणि बराच वेळ ती भिंतीशी भांडत बसली. नवरा गेल्यावर या पोरीला शिकवलं ते मन न लावता का? कुटलेल्या कंदांचं संध्याकाळचं फुफू बंद केलं, गोड माल्टची बाटली बंद केली, रविवारी चर्चमधून येताना तळलेली केळी बंद केली, ते मन न लावताच का?

तरी ती चालत राहिली. उन्हं तापायच्या आत केजेतियाला, कधी कापड आणायला, कधी शिवलेले कपडे गिऱ्हाइकांच्या घरी पोचवायला. काहीच नसलं तर जुन्या चिंध्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन जायची, कारण रिकाम्या डोक्याने भटकणाऱ्या बाईला रस्त्यात दहा जण विचारतात, काय गं, काही हरवलं का? गाठोड्याला डावा हात लावायचा आणि उजवा मोकळा ठेवायचा. रस्त्याने ओळखीचे शंभर भेटतात, त्यांना हात करावा लागतो, आणि डावा हात कोणाला दाखवणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकण्यासारखंच. लहानपणापासूनची ही रीत. तिचा विचार कोणी करत नाही, सेरवानेही केला नाही. आणि संध्याकाळी घड्याळ सांगायचं दोनशे ऐंशी. पाचशे. चारशे दहा. रोज फोन, रोज तोच समजुतीचा मऊ आवाज. एकदा तर पोकुआने तिला कोणा एका बाईचा व्हिडिओ पाठवला. ती बाई चटईवर उड्या मारत सांगत होती की आळस हा मनाचा असतो, शरीराचा नसतो. सेरवाने तो पुरता ऐकला आणि मग फोन उशीखाली दाबून ठेवला.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी ती मधल्या तपासणीला गेली. नर्सने बोट टोचलं, रक्त घेतलं, कार्डावर आकडा लिहिला आणि "पुढची" म्हणून हाक मारली. तो आकडा सेरवाला वाचता येणार नव्हता. विचारलं असतं तर नर्सने सांगितला असता, मागे उभ्या बाईने वाचून दिला असता, अडोमाने तर नक्कीच. पण जे घड्याळ रोज सांगतं तेच पुन्हा माणसाच्या तोंडून कशाला ऐकायचं? तिने कार्डाची घडी केली आणि पिशवीच्या तळाशी कोंबली.

त्याच आठवड्यात पट्ट्याखाली घामाने पुरळ उठलं. डावं मनगट इतकं खाजायला लागलं की तिने घड्याळ काढलं आणि उजव्या हातावर बांधलं. आणि मशीनवर बसली.

तिचं मशीन जुनं, हाताने फिरवायचं. डाव्या हाताने कापड सरकवायचं, उजव्याने हँडल फिरवायचं. चर्चच्या गायिकांचे बावीस काबे एका मापाने शिवायचे होते, त्यामुळे हात थांबत नव्हता. दहा वाजायच्या सुमाराला घड्याळ एकदम थरथरलं. सेरवा इतकी दचकली की शिवण वाकडी गेली.

"अडोमा! हे मरतंय की काय बघ!"

अडोमा आली, बघितलं, आणि तिच्या तोंडाचा आ वासला. "आठ हजार झाली. फटाके उडवतंय आत."

"मी सकाळपासून उठलेही नाही."

मग अडोमाने सेरवाचा हात धरून हँडलसारखा गोल फिरवला. आकडा वाढला. थांबवला, आकडा थांबला. अडोमा हसता हसता दाराला टेकली.

"अगं हे पाय मोजतच नाही! हात मोजतं हे! हात हलला की त्याला वाटतं बाई चालली. आणि तू बाजारात जाताना डावा हात कुठे असतो तुझा?"

"गाठोड्यावर," सेरवा म्हणाली.

तिला हसू आलं नाही. तिला रडू आलं, रागाचं. चालते तेव्हा हे म्हणतं बसलीस, आणि बसते तेव्हा म्हणतं चाललीस! तीन आठवडे लेकीची बोलणी खाल्ली ती याच्यापायी. तिने तिथल्या तिथे फोन उचलला. आता पोकुआला असं सुनावायचं, असं सुनावायचं, की तिच्या कचेरीतल्या चाळिसांच्या कानांतून धूर निघाला पाहिजे. पण तिने नंबर लावायच्या आत फोनच वाजला.

"आई! आठ हजार! सकाळी दहालाच! आई, मी इथे ऑफिसात रडले गं. सगळ्यांना दाखवलं. माझी बॉस म्हणाली, तुझ्या आईने कमाल केली. मला माहीत होतं तू करशील. मला माहीतच होतं!"

सेरवाने फोन कानाला घट्ट धरला. पोकुआ तिच्याशी अशी शेवटची कधी बोलली होती? शाळेत असताना, आईने शिवलेला झगा घालून पहिल्यांदा आरशासमोर उभी राहिली होती तेव्हा कदाचित.

"आई, ऐकतेस ना?"

"ऐकतेय," सेरवा म्हणाली. "आज जरा जास्त चालले."

अडोमाने भुवया वर केल्या. सेरवाने तिच्याकडे पाठ केली.

पहिल्या दिवशी तिला वाटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी दहा हजार झाली आणि पोकुआने नाचणाऱ्या बाहुलीचं चित्र पाठवलं. तिसऱ्या दिवशी घड्याळाने कसलासा बिल्ला दिला, आणि तो बघायला शेजारच्या चार बायका आल्या. मग सांगायचं राहूनच गेलं. बाजारात जाणं कमी झालं, कारण तेवढ्या वेळात मशीनवर तीन हजार पावलं होत. कापड आणायला ती कोणाच्या तरी हाती निरोप धाडू लागली. संध्याकाळी आकडा थोडा कमी पडला, तर कापड न लावताच ती हँडल फिरवत बसायची. सुई रिकाम्या पट्टीवर टकटक करायची आणि अडोमा पातेली घासत म्हणायची, "कुठवर पोचलीस? सुन्यानी शहर आलं का?"

"तू तुझं काम कर."

"नाही, सुन्यानी आलं असेल तर माझ्या बहिणीला भेटून ये."

आणि चौदा हजार पावलं चाललेल्या बाईला एक वाटी फुफू चालतंच की. आधी एक वाटी, मग शेंगदाण्याच्या रश्श्यासोबत पुरती थाळी. माल्टची बाटली रविवारी परत आली आणि मग बुधवारीही येऊ लागली. सेरवाला हे कळत नव्हतं असं नाही. तिला सगळं कळत होतं. पण मनगट थरथरलं की छातीत जे गोड वाटायचं, ते पंचावन्न वर्षांत तिला फुकट कोणी दिलं नव्हतं. रोज रात्री ती ठरवायची, उद्यापासून खरंच चालायचं. आणि सकाळी मशीन समोरच असायचं.

तारखेच्या दिवशी पोकुआ पहाटेच्या बसने अक्राहून आली, कचेरीच्या उंच टाचांच्या बुटांतच. सेरवाने दवाखान्यात राहायचं म्हणून टॉवेल, साबण, दोन कपडे यांचं गाठोडं बांधलं होतं. उपाशीपोटी रक्त घेतलं गेलं, आणि तासाभराने डोळ्यांच्या डॉक्टर ओपारेंनी दोघींना आत बोलावलं.

"पंधरा पॉइंट दोन," ते म्हणाले. "मावशी, आज काही होणार नाही."

"असं कसं?" पोकुआने पर्समधून फोन काढला आणि टेबलावर त्यांच्यासमोर ठेवला. "डॉक्टर, हे बघा तरी. माझी आई रोज चौदा हजार पावलं चालते. गेले तीन आठवडे एकही दिवस चुकलेला नाही."

डॉक्टरांनी बोटाने आलेख वर-खाली सरकवला. त्यांच्या चेहऱ्यावर आदर आला, आणि तो बघून सेरवाला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"इतकं चालूनही साखर चढतेय म्हणजे गोळ्यांचं काम राहिलं नाही," ते म्हणाले. "इन्सुलिन सुरू करू. थोडं जास्तच लागेल." त्यांनी लिहायला घेतलं, लिहिता लिहिता सेरवाचं जुनं कार्ड उलगडलं आणि त्यांचं पेन थांबलं. "हे काय? मधल्या तपासणीला तर दहा पॉइंट चार आहे."

"दहा?" सेरवा म्हणाली.

"दहा पॉइंट चार. अजून एखादा आठवडा गेला असता तर दहाच्या आत आली असती. तेव्हा काय करत होता तुम्ही?"

"तेव्हा काहीच नव्हती करत," पोकुआ म्हणाली. "तेव्हा तर आई बसूनच असायची. हे बघा, तीनशे. पाचशे. दोनशे ऐंशी."

डॉक्टरांनी कार्डाकडे पाहिलं, मग फोनकडे. "म्हणजे बसल्यावर साखर उतरली आणि चालल्यावर चढली? मावशी, असं मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही."

सेरवाच्या कानात एकच आकडा घुमत होता. दहा पॉइंट चार. ते केजेतियाचं ऊन, त्या ठणकणाऱ्या पोटऱ्या, ते न खाल्लेलं फुफू, सगळं रक्तात बरोबर जमा झालं होतं, आणि ती मात्र हरले म्हणून कार्ड लपवून बसली होती. गप्प बसली असती तर अजूनही लाज राखता आली असती. पण डॉक्टर नसलेल्या आजाराचं औषध लिहीत होते.

ती उठली. उजवा हात तिने पुढे केला आणि हवेतच हँडल फिरवायला लागली. पोकुआला वाटलं आईला काहीतरी झटका आला.

"आकडा बघ," सेरवा म्हणाली. "वाढतोय?"

"वाढतोय... आई, काय करतेस?"

"शिवतेय. आता हे डाव्या हाताला बांध." घड्याळ डाव्या हातावर आल्यावर तिने गाठोडं डोक्यावर घेतलं, त्याला डावा हात लावला, आणि टेबलापासून दारापर्यंत चार फेऱ्या मारल्या. "आता?"

पोकुआने फोन पाहिला. आकडा हलला नव्हता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. डॉक्टरांनी लिहिलेला कागद फाडला आणि ओठ घट्ट मिटून ते खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांना हसू येत होतं, पण हसायची ती वेळ नव्हती एवढं त्यांना कळत होतं.

"तू मला फसवलंस," पोकुआ म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "मी सगळ्यांना सांगितलं. तीन आठवडे. आई, डोळा तुझा आहे, माझा नाही!"

"हो, फसवलं. डोळा माझा, पाय माझे, अक्कलही माझीच गहाण पडली. पण एक सांग. तीन आठवडे मी खरं बोलले तेव्हा तू मला व्हिडिओ पाठवलास. एक दिवस खोटं बोलले, तर आनंदाने रडलीस. मला तुझं ते रडणं फार आवडलं गं. मी काय करू?"

पोकुआने फोन पर्समध्ये टाकला. डॉक्टरांनी पुढची तारीख लिहून दिली. चार महिन्यांनंतरची. डाव्या डोळ्यात त्यांनी बॅटरी मारून पाहिली आणि औषधांच्या वेळा दोनदा समजावून सांगितल्या.

बाहेर आल्यावर पोकुआ टॅक्सीला हात करायला लागली.

"टॅक्सी नको," सेरवा म्हणाली. "आजपासून सुरू."

"आई, माझे बूट बघ."

"तुझे बूट तू बघ." आणि न वापरलेल्या टॉवेल-साबणाचं गाठोडं डोक्यावर घेऊन ती चालायलाही लागली. रागात असली की तिची चाल वाढायची. पोकुआ मागून टक टक टक करत, धापा टाकत येत होती आणि "थांब, अगं थांब ना" म्हणत होती. सेरवा थांबली नाही. तिला कोणाशीच बोलायचं नव्हतं, स्वतःशी तर मुळीच नाही.

कोपऱ्यावर पोकुआने एकदम पळत येऊन तिचा दंड धरला आणि मागे खेचलं. गाठोडं खाली पडलं.

"काय गं! वेड लागलं का?"

"फरशी नाहीये इथे. नाली उघडी आहे. एक पाऊल पुढे टाकलं असतंस तर..." पोकुआने श्वास घेतला. "तुला दिसली नाही?"

"दिसली असती तर आले असते का इथे?"

पोकुआने खाली पाहिलं. कमरेइतकी खोल नाली, तळाशी काळं पाणी आणि फुटलेल्या बाटल्या. सेरवा त्याच दिशेने बघत होती, पण तिची नजर नालीच्या पलीकडे कुठेतरी लागली होती.

"मग रोज केजेतियाला कशी जायचीस?"

"वास येतो त्या बाजूला जायचं नाही. आणि जिथे शंका येईल तिथे आधी पायाने चाचपायचं." सेरवाने वाकून गाठोड्यासाठी हात फिरवला. ते डावीकडे पडलं होतं आणि ती उजवीकडे शोधत होती. पोकुआने ते उचलून तिच्या हातात दिलं.

"आई, मला माहीत नव्हतं इतकं..."

"तू विचारलं नव्हतंस."

पोकुआने बूट काढून हातात घेतले आणि अनवाणी आईच्या पुढे झाली. मग प्रत्येक फुटक्या फरशीपाशी ती थांबायची, "इथून ये, आता डावीकडे," म्हणायची, आणि सेरवा तिच्या आवाजावर पाऊल टाकायची. बांतामापर्यंत दोघी तशाच आल्या. शस्त्रक्रियेला अजून चार महिने होते, आणि पोकुआची अक्राची बस संध्याकाळी पाचची होती.